चार बोटं लांब बाह्या

नारीनमध्ये मोठा रस्ता एकच. त्या रस्त्यावर कुणालाही बुरुलकानबद्दल विचारा, माणूस आधी हसतो. "बुरुल एजे ना? त्या गायकाचं सोंग भर सभेत उघडं पाडलं ती? बाई असावी तर अशी." एजे म्हणजे थोरली बहीण, पन्नाशी ओलांडली की बाई सगळ्या बाजाराची एजे होते. बुरुलकान हे कौतुक ऐकते, सुईत दोरा ओवते आणि खाली बघत राहते. लोकांना वाटतं, लाजली. लोकांना काय, काहीही वाटतं.

बाजाराच्या दुसऱ्या ओळीत, नमद्याच्या सपाता विकणाऱ्या कालीपाच्या शेजारी तिचं दुकान आहे. ती फक्त चापान शिवते. आमच्याकडे कुणाचा मान करायचा म्हणजे त्याच्या खांद्यावर चापान घालायचा. पहिलवान जिंकला, चापान. हेडमास्तर निवृत्त झाले, चापान. व्याही पहिल्यांदा घरी आले, चापान. एकेका मानकऱ्याच्या कपाटात दहा-दहा मखमली झगे लटकत असतात आणि त्यातल्या एकाच्याही बाहीत त्याने कधी हात घातलेला नसतो. खांद्यावर टाकला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला, संपलं. म्हणून बाकीचे शिंपी माप घ्यायच्या भानगडीतच पडत नाहीत. भरपूर मोठा कापतात, जाडाही मावतो आणि लुकडाही मावतो.

बुरुलकानला या प्रकाराचा मनस्वी संताप. "चापान आहे का घोड्यावर टाकायची झूल?" असं ती विचारायची. तिच्या दुकानात आलेल्या माणसाला हात वर, हात खाली, वळा, आता दम सोडा, हे सगळं करावं लागे, आणि शेवटी ती चापान मागून उघडून धरी आणि म्हणे, "हात घाला." अकीमसाहेबांनासुद्धा, म्हणजे सगळा जिल्हा ज्यांच्या हाताखाली, त्यांनाही तिने त्याच आवाजात हात घालायला लावले होते. त्या दोन शब्दांवरून बाजारात तिची नक्कल चालायची. तिला त्याचं काही वाटत नसे, उलट थोडा अभिमानच होता.

आता सापाराली. हा गायक तिने कधी पाहिला नव्हता, फक्त ऐकला होता. लग्नानंतरची एकोणीस वर्षं ती नवऱ्याबरोबर, इशेनबरोबर, उन्हाळाभर मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर राहायची. तंबूच्या लाकडी जाळीला रेडिओ टांगलेला असे. दुपारी दूध तापवताना त्यावर सापारालीचं घोड्याचं गाणं लागायचं. नदीच्या ऐन मध्यावर घोडा थांबतो आणि मागे वळून बघतो, एवढंच त्या गाण्यात घडतं. तिसरं कडवं संपलं की आवाज थांबतो आणि कोमुझ एकटंच वाजत राहतं, तीन तारांचं ते एवढंसं वाद्य. मग तो दम घेतो. तो दम रेडिओवर स्पष्ट ऐकू येई, कुणी अगदी शेजारी बसून घेतल्यासारखा. आणि मग ती वरची तान.

इशेन त्या दमाची नक्कल करायचा. छाती फुगवायचा, डोळे मिटायचा, मोठ्ठा दम घ्यायचा, आणि तान मारायच्या जागी खोकायला लागायचा. बुरुलकान हसून हसून लोळायची. दर वर्षी तो म्हणे, यंदा राजधानीला, बिश्केकला जाऊ, त्याला समोर बसून ऐकू. दर वर्षी नेमकं तेव्हाच मेंढ्या व्यायला आलेल्या असत. आठ वर्षांपूर्वी इशेन गेला. कळप विकला, ती खाली गावात आली, शिवायला बसली. तो दम एकदा समोर बसून ऐकायचा, ही एकच गोष्ट दोघांची राहून गेली होती.

म्हणून गेल्या वर्षी फेब्रुवारीत संस्कृती भवनाच्या भिंतीवर फलक लागला तेव्हा ती रस्त्यातच उभी राहिली. सापाराली. तीस वर्षांची गाणी. आणि खाली लाल अक्षरात, थेट आवाजात. असं लिहावं लागतं, कारण हल्ली निम्मे गायक मागे ध्वनिफीत लावतात आणि पुढे नुसते ओठ हलवतात. लोक त्यांना शिव्या घालतात आणि लग्नात पुन्हा त्यांनाच बोलावतात.

"मी त्याला चापान घालणार," बुरुलकान म्हणाली.

"घाल की," कालीपा म्हणाली. "पण माप कुठून आणणार? का बिश्केकला फोन करून विचारणार, बायके, तुमची छाती किती म्हणून?"

बायके म्हणजे थोरला भाऊ. पण कालीपाने तो शब्द असा लाडात म्हटला की पलीकडचा खाटीकसुद्धा हसला.

बुरुलकानने माप काढलं. फलकावर सापारालीच्या हातात कोमुझ होतं. तिने शाळेतून खरं कोमुझ मागून आणलं, ते मोजलं, मग स्टुलावर चढून फलकावरचं कोमुझ मोजलं, आणि त्या हिशेबाने खांदा, छाती, बाही सगळं काढलं. येणारे-जाणारे थांबून बघत होते. रुंद खांदा निघाला, भरदार छाती निघाली. ती खूश झाली. फोटो कधीचा आहे, हे एवढ्या माणसांत कुणाच्याच डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही, आणि ते तिला आजही छळतं.

गडद निळी मखमल, कडेने मेंढ्याच्या शिंगांची सोनेरी नक्षी, आत उंटाच्या लोकरीचा पातळ थर. पाच आठवडे लागले. मग सराव. गाणं संपल्यावर फुलंवाल्यांची झुंबड उडते, तेव्हा नीट घालता येणार नाही हे तिला ठाऊक होतं. आमच्याकडे गाणं चालू असतानाही लोक मंचावर चढून मान करतात, त्यात वावगं काही नाही. तिने जागा हेरली. तिसऱ्या कडव्यानंतर कोमुझ एकटं वाजतं तेवढ्या वेळात चढवायचा, आणि दम घ्यायच्या आत बाजूला व्हायचं. दुकानात कॅसेट लावून कालीपाला सापाराली म्हणून उभं केलं.

"हात घाल."

"अगं, माझे हात एवढे लांब असते तर मी इथे सपाता विकल्या असत्या का?"

"दुसरा घाल. झालं बघ. अजून दम घ्यायचाय त्याने."

वेळ पुरत होता. सात वेळा केलं, साती वेळा पुरला.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी पाचलाच भवन भरलं. बुरुलकान दुसऱ्या रांगेत, मांडीवर चापानाचं गाठोडं, शेजारी कालीपा. पडदा सरकला आणि सापाराली आला. तो म्हातारा होता, आणि बारीक होता. फलकावरच्या माणसाचा थोरला भाऊ शोभावा इतका वेगळा. मानेभोवती मफलर. कोमुझ नव्हतं, नुसता माईक होता.

"कोमुझ कुठाय?" कालीपाने विचारलं.

"वाजवणारा पडद्यामागे असेल," बुरुलकान म्हणाली. तिचं लक्ष त्याच्या खांद्यांवर होतं. चापान ढगळ होणार. पण आता काय करणार?

तो गायला, आणि खांद्यांचं ती विसरली. आवाज तोच होता. केस पांढरे झाले, गाल बसले, आणि आवाजाला तीस वर्षांत ओरखडासुद्धा नाही. तिला इशेनची इतकी आठवण आली की तिने कालीपाचा हात धरला. शेवटून दुसरं घोड्याचं गाणं. तिसरं कडवं संपलं, कोमुझ एकटं पडलं, ती उठली.

पायऱ्या चढली, त्याच्या मागे गेली, चापान उघडून धरला. टाळ्या पडल्या. सापाराली हसून किंचित वाकला, खांदे पुढे केले. दुसरी कुणी असती तर तिने तो खांद्यांवर टाकला असता आणि परत फिरली असती. पण बुरुलकानच्या तोंडून दुकानातली रोजची सवय बाहेर पडली.

"हात घाला, बायके."

तो गोंधळला. मान देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. त्याने डावा हात घातला. माईक डाव्या हातात घेतला, उजवा घातला. बाह्या चार बोटं लांब होत्या. दोन्ही हात आत गेले ते बाहेर येईनात. माईक डाव्या बाहीत कुठेतरी गडप झाला. ती बाही वर खेचायला लागली, आणि तेवढ्यात तो दम ऐकू आला.

अगदी तोच, रेडिओवर होता तसाच. क्षणभर तिला केवढा आनंद झाला. तीस वर्षं झाली तरी त्याच जागी, तेवढाच दम घेतो, असं तिच्या मनात आलं. मग तिने मान वर केली. सापारालीचं तोंड तिच्याकडे होतं. भवनभर ती वरची तान घुमत होती, आणि तो तिच्याशी बोलत होता.

"हळू, बहिणी," तो म्हणाला. "हात अडकला."

तो आवाज नव्हताच. वाळक्या गवतावरून चालल्यासारखी नुसती खरखर होती, आणि ती फक्त तिला ऐकू आली.

आधी पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. "आवाज कुठून येतोय, बाहीतून का?" "एजे, त्याचा खिसा बघा, खिशात असेल." शे-दीडशे मोबाईल वर आले. बुरुलकानच्या हातात अजून त्याची बाही होती. ती सोडावी की धरावी, तिला कळेना. सापारालीने ओठ हलवायचं नाटक पुन्हा केलं नाही. तो मान खाली घालून उभा राहिला आणि स्वतःचं गाणं संपेपर्यंत ऐकत राहिला. ते गाणं तिला एवढं लांब कधी वाटलं नव्हतं. संपल्यावर तो कमरेत वाकला आणि आत गेला, तो चापान तसाच अंगावर घेऊन.

ती त्याच्या मागे गेली. कुणी अडवलं नाही. आतल्या लहानशा खोलीत तो हीटरजवळ बसला होता, पुढे चहाचा थर्मास आणि गोल भाकरी.

"बायके, मी मरायला हवं होतं," ती दारातून म्हणाली.

त्याने बस म्हणून खूण केली. मफलर थोडा सोडला. गळ्यावर आडवा वण होता, जुना नव्हता.

"दोन वर्षं झाली," तो त्या खरखरीत म्हणाला. "कापलं म्हणून जगलो. माप कुणाचं घेतलंस?"

"तुमचंच. फलकावरून."

तो हसला. हसण्यालाही आवाज नव्हता, फक्त खांदे हलले. "तो फोटो काढला तेव्हा मी दोन मेंढ्यांनी जड होतो."

तिला रडू आवरेना. "मी आत्ता बाहेर जाऊन सांगते. ते लोक तुम्हाला लबाड म्हणतायत. त्यांना माहीत नाही. मी सांगते, माझं ऐकतील."

"नको."

"अहो पण..."

"ऐक. 'थेट आवाजात' हे मी लिहिलं नाही. पण लिहिलेलं माहीत असतं तरी आलो असतो. फीत लावून गाणारे पुष्कळ आहेत, लोक चार दिवस शिव्या देतात आणि पाचव्या दिवशी लग्नाला बोलावतात. मुक्या गायकाला कोण बोलावतं? घरी सात माणसं जेवतात माझ्या नावावर." एवढं बोलून त्याला धाप लागली. "आणि मला कुणी बिचारा म्हटलेलं चालत नाही. लबाड म्हणू देत."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, तिच्यापुढे धरला, कुणाला सांगणार नाहीस म्हणून. आमच्याकडे भाकरीवरची शपथ मोडत नाहीत. मोडली तर भाकरी लागते म्हणतात, आणि बुरुलकान हे मानणाऱ्यांतली होती. तिने तुकडा घेतला. तिथेच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिश्केकहून मुलीचा, जिल्दिझचा फोन.

"आई, तू मोबाईलवर सगळीकडे आहेस. आमच्या ऑफिसात सगळे बघतायत. तू त्याची बाही ओढतेयस आणि तो... आई, तुला आधीच कसं गं कळलं?"

"मला काही कळलं नव्हतं."

"जाऊ दे, मला तरी खरं सांग."

"तो चांगला माणूस आहे, जिल्दिझ."

"अगं लबाड आहे तो. तू केवढी साधी आहेस."

गावात तेच. तिने म्हणावं, मी मुद्दाम केलं नाही. लोकांनी डोळा मारावा. तिने म्हणावं, त्याला वाईट बोलू नका. लोकांनी म्हणावं, बघा, एवढं करून वर मोठं मनही आहे. खाटकाने तर दुकानात कुणी वजनात मारलं तर बुरुल एजेला बोलावू, ती हात घालायला लावील, असं म्हणायला सुरुवात केली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे धंदा वाढला. पार दूरच्या तालासपासून माणसं यायला लागली. सापारालीचा चापान जिने शिवला तिच्याकडचा हवा म्हणून अडून बसायची. नकार देऊन कुठे जाणार? पोट याच कामावर होतं. ती माप घ्यायची, पण 'हात घाला' हे शब्द आता तोंडातून निघत नसत. चापान उघडून गप्प उभी राहायची, गिऱ्हाइकाने आपलं आपण समजून घ्यायचं.

घोड्याचं गाणंही तिने बंद केलं. बाजारात कुणाच्या रेडिओवर लागलं की ती तिसऱ्या कडव्याच्या आत उठून पाणी आणायला जायची. मनातून इशेनशी बोलायची. ऐकलं रे मी त्याला समोरून, असं सांगायची. काय ऐकलं, ते इशेनलासुद्धा सांगता येत नव्हतं, कारण शपथ ती शपथ.

ऑक्टोबरात पहिलं बर्फ पडलं त्या आठवड्यात बिश्केकच्या गाडीचा ड्रायव्हर दुकानाशी थांबला आणि एक गाठोडं फेकून गेला. सुतळी सोडायच्या आधीच कडेची निळी मखमल दिसली.

कालीपा धावत आली. तिच्या तोंडाचा रंगच उडाला. दिलेला चापान परत पाठवणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं, त्याहून मोठा अपमान आमच्याकडे नाही. "बघ," ती म्हणाली. "सात महिने राग धरून बसला मेला. चोर तो चोर, वर शिरजोर."

बुरुलकानने चापान मांडीवर पसरला. मग बोटं आपोआप कामाला लागली, शिवणीवरून फिरायला लागली, आणि थांबली. कॉलरची मखमल मानेला घासून मऊ झाली होती. पुढच्या कडेवर चहाचा डाग होता. दोन्ही कोपरांना आडव्या घड्या पडल्या होत्या, रोज हात वाकवल्याशिवाय पडत नाहीत तशा. तिच्या हातचे शेकडो चापान लोकांच्या कपाटांत होते. कोपराला घडी पडलेला तिने हा पहिलाच पाहिला.

आतल्या खिशात चिठ्ठी होती. तिने ती कालीपाकडे पाठ करून वाचली. "बहिणी, बाह्या चार बोटं लांब आहेत. कमी करून दे. घरी हाच घालतो, गळ्याला ऊब लागते. ड्रायव्हर शनिवारी परत जातो."

"काय लिहितोय?" कालीपाने विचारलं. "शिव्या ना?"

बाहेर दोन-तीन बायका थांबल्या होत्या, खाटीकही सुरा पुसत आला होता. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. एक वाक्य बोलली असती तर सगळे गप्प झाले असते. बुरुलकानने चिठ्ठी घडी करून चोळीत खोचली.

"हो," ती म्हणाली. "शिव्या."

"मला ठाऊकच होतं." कालीपा बाहेरच्यांकडे वळली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.

बुरुलकानने डाव्या बाहीच्या टोकावर आपली चार बोटं आडवी ठेवली, खडूने खूण केली, आणि शिवण उसवायला घेतली. शनिवारला तीन दिवस होते.